सुई ओवणे बाकी

३ फेब्रुवारी, दुकानातून

ताई,

'तीर्थरूप' वगैरे लिहून सुरुवात करणार होतो. पण त्यावरूनच तुला वाटलं असतं की याचं काहीतरी अडलंय, आणि तू पत्र घडी घालून ठेवून दिलं असतंस. तसं काही अडलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितोय. एक साधी गोष्ट विचारायची आहे.

तुझं शिलाई मशीन अजून बाहेरच्या खोलीत खिडकीखालीच आहे. तू गेल्याला सव्वादोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे रचतो. तुझी भावजय म्हणते, वापरणारं कोणी नाही तर एकदा विचारून टाका, ठेवायचं की कोणाला द्यायचं. मी म्हटलं, विचारतो.

तू चौदा वर्षांची असताना बाबांनी मोडीतले भाग जमवून ते जोडलं होतं. असं मशीन देऊन टाकणं बरं दिसणार नाही, हे मलाही कळतं. जोडून झाल्यावर त्यांना सुई ओवता येईना, आठवतं? चष्मा लागला होता, पण लावायची लाज. तीनदा दोरा चुकला तेव्हा "हे काही स्टोअरकीपरचं काम नाही" म्हणून ते उठले आणि तू एका फटक्यात ओवलीस. मी तेव्हा हसलो म्हणून मला धपाटा बसला होता. तुला नाही, मला. तेव्हापासून घरात सुई ओवायची ती तूच.

बाकी सगळं छान आहे. बाबा छान आहेत. दुकान छान चाललंय.

तीनदा 'छान' लिहिलं, हे आत्ता वाचताना लक्षात आलं. खोडत नाही. खाडाखोड दिसली की तू जास्त संशय घेतेस.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "मशीन ठेव. बाबा कसे आहेत ते नीट लिही. तत्त्वज्ञान नको." दहा शब्द. मी मोजले. रुग्णालयात रोग्याच्या कागदावर लिहितेस तसंच लिहिलंयस, पण आलं हे काय कमी आहे.

तर तत्त्वज्ञान नको. नुसते बाबा.

उजवा हात अजून तसाच आहे, मांडीवर ठेवलेला असतो. उजवा पाय ओढत चालतात, पण चालतात. बोलणं सावकाश, एकेक शब्द निवडून, आणि मधेच शब्द सापडला नाही की ते समोरच्यावर रागावतात, जणू काही तो आपणच लपवून ठेवलाय. जेवण बरं आहे. झोप बरी आहे.

आणि आता तुला माहीत नसलेली गोष्ट. सोमवार, बुधवार, शुक्रवार बाबा दुकानात येतात. घरापासून चारशे पावलं, त्यांना वीस मिनिटं लागतात. मी हात धरायला गेलो तर काठीने बाजूला करतात. दुकानात दाराजवळ त्यांचं स्टूल आहे. मी दुरुस्त केलेलं प्रत्येक मशीन त्यांच्यासमोर जातं. सुई मी ओवून देतो, कारण एका हाताने ते जमत नाही. मग ते डावा हात आडवा घालून चाकाला झटका देतात, डाव्या पायाने पायडल मारतात आणि चिंधीवर एक सरळ ओळ शिवतात. ती ओळ भिंगातून बघतात. बघून होईपर्यंत गिऱ्हाईक उभं, मी उभा. मग डाव्या हाताने चिठ्ठी लिहून मशीनला बांधतात. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण मजकूर त्यांच्या कारखान्याच्या भांडारातला. 'खालचा दोरा सैल. परत.' 'आवाज आहे. परत.' 'पास.'

'पास' दहात चार-पाच वेळा येतं. बावीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि माझी निम्मी मशीनं माझाच बाप परत पाठवतो, तेही गिऱ्हाइकासमोर. पहिला महिनाभर मी दात-ओठ खाल्ले. आता गिऱ्हाइकंच विचारतात, "आजोबांची चिठ्ठी कुठंय?" चिठ्ठी नसलेलं मशीन कोणी न्यायला तयार नाही. घ्या!

तू विचारलं नाहीस, पण बाबा खूश आहेत का? ताई, खरं सांगू का, पूर्वीइतके नाहीत. डब्याच्या दिवसांत ते जसे हसायचे तसे आता हसत नाहीत. चिडचिड करतात. पण संध्याकाळी घरी येतात तेव्हा दमलेले असतात. दमलेला माणूस आणि आजारी माणूस यात किती फरक असतो, हे तू मला सांगायला नको, तू सिस्टर आहेस.

डबा हा शब्द आला. येणार नाही असं ठरवून बसलो होतो. आज इथेच थांबतो, चष्मेवाल्या शेजाऱ्याला त्याच्या दुकानावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंय.

धाकटा


६ मार्च

ताई,

डब्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहिता येत नाहीये. दोन पत्रं फाडली. तू वीस दिवसांच्या रजेवर आलीस तेव्हा तुला शेवट दिसला, सुरुवात दिसली नव्हती. ती तरी ऐकून घे.

अर्धांगाचा झटका आल्यानंतर सहा महिने बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला अंघोळीला दोन माणसं लागत होती. व्यायाम करवून घ्यायला जे डॉक्टर यायचे ते म्हणाले, "यांना कामात गुंतवा. मन प्रसन्न झालं की शरीर मागून येतं." त्यांच्या दवाखान्यात तसा फलकच होता. मला ते इतकं पटलं! तुला ठाऊक आहे, मला असली वाक्यं पटायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातले सगळे स्क्रू, लहानमोठे, नवेजुने, एका पत्र्याच्या डब्यात ओतले आणि घरी नेले. म्हटलं, "बाबा, सगळा गोंधळ झालाय. हे वेगळे करून द्या. कामं खोळंबलीत." ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "परात आण." सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं, ताई. मी स्वयंपाकघरात गेलो आणि परात घेऊन तिथेच दोन मिनिटं उभा राहिलो, कारण डोळे पुसल्याशिवाय बाहेर येता येईना.

आठ दिवसांत त्यांनी डबा निवडला. अकरा बरण्या झाल्या. प्रत्येक बरणीत डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'बारीक, पितळी.' 'उलट्या आट्याचे. जपून.' 'आटे झिजले. वापरू नये.' रोज सकाळी दाढी करायला लागले. तुझी भावजय चहा द्यायला उशिरा आली की म्हणायचे, "माझी वेळ झाली."

आणि बरण्या भरल्यावर मी काय करणार होतो? माझ्याकडे तेवढेच स्क्रू होते. मी बरण्या दुकानात नेल्या, चिठ्ठ्या काढल्या, सगळं परत डब्यात ओतलं, ढवळलं आणि आठवड्याने घरी नेलं. "बाबा, नवीन माल आलाय."

चौदा महिने. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. उलट मी मोठा गुणी मुलगा झालो होतो. शेजारीपाजारी सांगायचे, बापासाठी किती करतो बघा. बाबा हसत होते, जेवत होते, मला अजून काय पाहिजे होतं? काम खरं की खोटं, हा मला तपशील वाटत होता. आनंद तर खरा होता ना?

तू दुपारी माझं जेवण घेऊन दुकानात आलीस आणि मला बरण्या ओतायला घेताना बघितलंस. तू काय म्हणालीस ते मला शब्दाला शब्द आठवतं. "तू त्यांना दळण दळायला लावतोयस आणि जात्यात दाणाच नाही." मी म्हटलं, "ताई, दृष्टिकोन बदल. ते सुखात आहेत." तू म्हणालीस, "रविवारपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगेन."

शनिवारी बाबांनी डबा पायाने लोटला. "आता नको," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. पुढचं तुलाही माहीत आहे. मी बाहेरच्या खोलीत येऊन तुला नाही नाही ते बोललो. तू त्याच संध्याकाळी बॅग उचललीस.

तू तुझ्या परीने बरोबर असशील. त्यांना खरं कळायला हवं होतं, हे मी आता मान्य करतो. एवढंच म्हणायचं होतं.

धाकटा


२० मार्च

ताई,

कार्ड मिळालं. "मी सांगितलं नव्हतं. तेव्हाही हेच म्हणाले होते. हे पटत नसेल तर पुन्हा लिहू नकोस."

उत्तर लिहायला बसलो आणि त्याऐवजी तीन मशीनं उघडून साफ केली. त्यांतलं एक तर बिघडलेलंही नव्हतं.

आधी दुसरंच सांगतो. बाबा दुकानात कसे आले, ते लिहायचं राहिलं होतं. तू गेल्यावर आठ महिने पुन्हा भिंत. मग एके दिवशी शिवणाच्या बाई आल्या, पुढच्या चौकात शिवणाचा वर्ग चालवतात त्या. वर्गातली नऊ मशीनं एकदम बंद, आणि पंधरा दिवसांवर त्यांच्या बायकांची परीक्षा. बिघाड मोठा नव्हता, नेमके स्क्रू हवे होते, उलट्या आट्याचे, जुन्या पद्धतीचे. ते माझ्याकडे होते. पण कुठे होते? डब्यात! चौदा महिने मीच ढवळून ढवळून माझ्या दुकानाची अशी खिचडी केली होती की मला माझाच माल सापडेना. काखेत कळसा म्हणतात तसं नव्हे, मी कळसाच विहिरीत टाकला होता.

आता बाबांना काय तोंडाने सांगणार की कामं खोळंबलीत? सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पुरे," म्हणाले.

तेव्हा बाईच एक मशीन दोघींच्या मदतीने उचलून घरी घेऊन आल्या आणि बाबांच्या पलंगाशेजारी ठेवून म्हणाल्या, "काका, मला तुमच्या मुलाशी देणंघेणं नाही. माझ्या बायका बसून राहिल्यात." बाबा वळले. डाव्या हाताचं बोट त्या भोकात घातलं, फिरवलं. म्हणाले, "उलटे आटे. डब्यात... सात आहेत. दोन वाकडे. परात आण."

सात निघाले, ताई. दोन वाकडे.

मशीन सुरू झाल्यावर ते बाईंना म्हणाले, "शिवून दाखव." बाईंनी ओळ शिवली. बाबांनी बघितली आणि म्हणाले, "वाईट." बाई चमकल्या, मी घाबरलो, आणि बाबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. डब्यातल्या कामाला कधी कोणी वाईट म्हटलं नव्हतं, त्यांनीही नाही आणि मीही नाही. मी दर आठवड्याला "वा बाबा, झकास" म्हणायचो. ज्या कामात चूक काढता येत नाही ते काम कसलं, हे मला त्या दिवशी कळलं. तुला आधीच कळलं होतं.

हे सगळं लिहून झालं. आता टाळायला काही उरलं नाही, म्हणून काल काय झालं ते लिहितो.

काल दुकान बंद करताना बाबांनी विचारलं, "ती का येत नाही?" मी नेहमीचंच सांगितलं, ताईला रजा मिळत नाही. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "मी... मूर्खासारखा... स्क्रू निवडत होतो. तिने पाहिलं. तिला लाज वाटली असेल. माझी."

मी म्हटलं, "नाही हो बाबा." एवढंच म्हटलं. कुलूप लावलं आणि त्यांच्या मागून चारशे पावलं चाललो. शेपूट घालून चाललो.

धाकटा


२३ मार्च

ताई,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

तू सांगितलं नव्हतंस. मला माहीत आहे. मला त्या सोमवारीच कळलं होतं.

त्या आठवड्यात तुझ्या धमकीमुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बरण्या डब्यात ओतताना चिठ्ठ्या काढायला विसरलो आणि ढवळलंही नाही. बरणीवर बरणी तशीच पालथी केली आणि डबा घरी नेला. शनिवारी बाबांनी झाकण काढलं तेव्हा वरच त्यांना आपली चिठ्ठी दिसली असणार, आपल्याच अक्षरातली. त्याखाली आपणच निवडलेले स्क्रू, त्याखाली दुसरी चिठ्ठी. एकतीस वर्षं भांडार सांभाळलेल्या माणसाला अजून काय सांगावं लागतं?

मी तुला घराबाहेर काढलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, एवढं माझ्या बाजूने लिहितो. सोमवारी दुकानात डबा परातीत पालथा केला आणि अकराच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. मी त्या स्टुलावर बसून वाचल्या. 'जपून.' 'वापरू नये.' मग एका पाकिटात घातल्या, पाकीट खणात टाकलं, आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, "या, बसा."

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. मंगळवारी करू म्हटलं. मग बुधवारी. मग वाटलं, आता इतके दिवस झाले, आता काय सांगायचं. चूक एकदाच झाली, ताई, पण गप्प मी रोज बसलो. सव्वादोन वर्षं रोज.

यापेक्षा वाईट अजून आहे.

"बाबांना तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही," असं मी त्या संध्याकाळी म्हणालो. बाबा असं म्हणाले नव्हते. ते "आता नको" एवढंच म्हणाले होते, तेही डब्याला. तुला सगळ्यात जास्त लागेल असं काय बोलावं, ते मी त्या क्षणी शोधलं आणि मला ते सापडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणून सुटता आलं असतं, पण ते तसं नव्हतं. मी निवडून बोललो होतो.

नंतर तू तीन वेळा फोन केलास. पहिल्यांदा मी म्हटलं, झोपलेत. दुसऱ्यांदा म्हटलं, बोलायचं नाही म्हणतात. तिसऱ्यांदा तू रडत होतीस. बाबा आतल्या खोलीत जागे होते, आणि मी म्हटलं, "थोडे दिवस जाऊ दे." त्यांनी विचारलं कोणाचा फोन, मी म्हटलं, चुकून लागला.

का केलं? मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. तू आणि बाबा एकदा बोलला असतात तर पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं, हे एक. दुसरं, मला गुणी मुलगा राहायचं होतं. बाबांना डब्याची गरज होती की नाही कोण जाणे, पण मला होती. त्यांना हसवलं की मी चांगला माणूस ठरायचो. तू त्या दुपारी दारात उभी राहून माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मी काय करतोय. आणि जिने दाखवलं तिचाच मला राग आला.

आणि या सगळ्यात बाबा समजतायत की तुला त्यांची लाज वाटते. तू समजतेस की त्यांना तुझं तोंड बघायचं नाही. दोघं एकमेकांसाठी झुरताय आणि मधे मी बसलोय, "बाकी सगळं छान" लिहीत. मशीनचं विचारायला पहिलं पत्र लिहिलं नव्हतं. तुझ्या भावजयीने मशीनबद्दल एक अक्षर काढलेलं नाही.

चिठ्ठ्यांचं पाकीट समोर ठेवून लिहितोय. बुधवारी बाबांना सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण पत्र पेटीत पडलं की मला माघार घेता येणार नाही. मी मला ओळखतो.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, आणि माझ्यासाठी तू अजून काही करावंस अशी माझी लायकी नाही.


६ एप्रिल

ताई,

सांगितलं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, ते स्टुलावर आणि मी खाली पायरीवर. तुला लिहिलं त्याच क्रमाने सगळं सांगितलं. मधेच थांबलो तर ते काठी आपटायचे, पुढे बोल म्हणून. पाकीट दिलं. त्यांनी अकरा चिठ्ठ्या मांडीवर एकेक करून लावल्या. "माझंच अक्षर," म्हणाले.

मग विचारलं, "फोन... किती?"

"तीन."

"रडत होती?"

"शेवटच्या वेळी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना पुन्हा झटका येतोय, मी उठलो, तर काठी माझ्या छातीला लावून त्यांनी मला परत खाली बसवलं. चष्मेवाल्याने शटर वर केलं, आम्हाला पाहिलं आणि आत गेला. मग बाबा म्हणाले, "पहिलं मशीन आण."

त्या दिवशी त्यांनी मी केलेली सगळी मशीनं परत पाठवली. शुक्रवारीसुद्धा. चिठ्ठीवर कारण नाही, नुसतं 'परत.' एक तर मी सोमवारचंच, त्यांनी स्वतः पास केलेलं, मुद्दाम पुन्हा समोर ठेवून पाहिलं. तेही परत. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती आणि मी सगळी मशीनं पुन्हा उघडत होतो. माझी काही तक्रार नाही.

सोमवारी घरून निघताना ते खिडकीपाशी थांबले, इस्त्रीचे कपडे काठीने खाली पाडले आणि तुझ्या मशीनकडे बोट दाखवलं. "दुकानात." मी हातगाडी आणून नेलं. पूर्ण आठवडा त्यांनी दुसरं काही केलं नाही, मंगळवारी आणि गुरुवारीही आले. पट्टा सडला होता तो बदलला. आतलं जुनं तेल दगडासारखं झालं होतं ते एका हाताने, काडीला चिंधी बांधून, खरवडून काढलं. मला फक्त धरायला लावायचे. "इथे धर. हलवू नको." एक स्क्रू झिजला होता. बदलायला म्हणून मी नवा पुढे केला तर नको म्हणाले, स्वतः बरणीतून शोधून काढला. तुझ्या मशीनचा एकही भाग त्यांनी माझ्या हातचा घेतला नाही.

काल झालं. चाक फिरवून पाहिलं, आवाज नाही. मी रीळ लावलं आणि नेहमीसारखा दोरा हातात घेऊन सुई ओवायला वाकलो. त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात त्यांच्या अजून किती जोर आहे, तुला कल्पना नाही.

"तू नको," म्हणाले.

मी विचारलं, "बाबा, मला माफ कराल का?" मागायची नाही असं तुला लिहून मीच मागून बसलो. ते म्हणाले, "तुझं... नंतर बघू." मग चिठ्ठी लिहायला घेतली.

ती या पाकिटात घालून पाठवणार होतो, पण त्यांनी दिली नाही. मशीनची चिठ्ठी मशीनलाच राहते म्हणाले, एकतीस वर्षांचा नियम आहे. म्हणून नक्कल करून देतो:

'मशीन तयार. तपासणी व्हायची आहे. सुई ओवणे बाकी. मालकीण आल्यावर.'

आज सकाळपासून ते त्या मशीनसमोर बसून आहेत. स्टूल हलवत नाहीत, मशीन हलवू देत नाहीत. शिवणाच्या बाईंची दोन मशीनं दारात उभी आहेत. बाईंनी विचारलं तर त्यांना चिठ्ठी दाखवली. दारातून कोणी आत आलं की मान वर करतात, आणि पुन्हा खाली घालतात.

तुला मी समोर नको असेन तर तसं कळव, त्या दिवशी मी दुकानात नसेन. किल्ली चष्मेवाल्याकडे ठेवतो. बाबा नऊला येतात, तू थोडं आधी आलीस तर ते चौकातून चालत येताना तुला दिसतील. हात धरायला जाऊ नकोस, आवडत नाही. तू धरलास तर कदाचित चालेल.

चौदा महिने मी त्यांना सांगत होतो की काम खोळंबलंय. एकदाही खोळंबलेलं नव्हतं. आता खोळंबलंय, ताई. त्यांचं, बाईंचं, माझं, सगळ्यांचं. ये.

धाकटा